फीचा हप्ता आणि कांद्याची चाळ

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बारावीचा निकाल लागला की त्र्यंबक रोडपासून द्वारका चौकापर्यंत जिकडे पाहावं तिकडे फलक दिसतात. ‘यूजीसी मान्यताप्राप्त’, ‘नॅक मानांकित’, ‘इतक्या राज्यांतले विद्यार्थी’. आईबाप ते वाचतात, दबकतात आणि फॉर्म भरून मोकळे होतात. आज खासगी विद्यापीठांवर आणि त्यांतल्या विद्यार्थ्यांच्या विविधतेवर बोलायचं ठरलंय, तेव्हा आधी या फलकांचाच हिशेब करू.

खासगी विद्यापीठाला जन्म देतं ते राज्याचं विधिमंडळ. आपल्या महिरावणीचं संदीप विद्यापीठ असंच २०१५ च्या कायद्यातून आलं. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. त्याच्या कायद्याच्या कलम २ (एफ) खाली नाव लागलं की पदवी द्यायचा अधिकार पक्का. केंद्राकडून अनुदान मिळण्यासाठी मात्र १२ (बी) ही वेगळी पायरी आहे, आणि बहुतेक खासगी विद्यापीठं त्या पायरीवर नसतात. म्हणजे ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ याचा अर्थ एवढाच, की पदवी खरी आहे. ती चांगली आहे की नाही, याबद्दल तो फलक काहीच बोलत नाही.

पदवी खरी असणं ही तरी छोटी गोष्ट आहे का? नाही. छत्तीसगडनं २००२ साली खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला आणि बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. काहींना धड इमारत नव्हती. शास्त्रज्ञ आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयानं त्या कायद्यातली अशी विद्यापीठं काढू देणारी तरतूदच रद्द केली. मुलांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ताडा. त्याच सुमारास, म्हणजे २००३ साली, यूजीसीनं खासगी विद्यापीठांसाठी नियम केले. त्यांत एक महत्त्वाचं कलम असं, की खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. शिकवायचं ते आपल्या आवारात, आपल्या मास्तरांकडून. मला हे कलम फार आवडतं. दुसऱ्यांच्या दुकानांवर आपली पाटी लावायची सोयच त्यानं ठेवली नाही.

नॅकचं, म्हणजे संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचं म्हणाल, तर संस्थेच्या दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय किंवा सहा वर्षं झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. त्यामुळे नव्या विद्यापीठाला नॅक नसेल तर लगेच नाक मुरडू नका. वीस वर्षं होऊनही नसेल तर मुरडा.

आता मूळ मुद्दा, विद्यार्थ्यांतली विविधता. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत शंभरातले दहा गुण यासाठी आहेत. परराज्यांतले आणि परदेशांतले विद्यार्थी किती, मुली किती, सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतले किती, दिव्यांगांसाठी सोयी काय, असं सगळं त्यात बघतात. पण माहितीपत्रकात फोटो छापला जातो तो पहिल्याच बाबीचा. निरनिराळ्या पोशाखातली मुलं, हातात झेंडे. त्या मुलांबद्दल मला आनंदच आहे. मात्र तीच मुलं इंदिरानगरात भाड्यानं खोली बघायला गेली की घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग काय शिजवता ते विचारतो. हे काही विद्यापीठाचं पाप नव्हे, आपलं आहे.

फोटोत न दिसणारी विविधता आपल्या जिल्ह्यातच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाचे तालुके. मालेगावात उर्दू माध्यमातून शिकून आलेल्या मुली. निफाड-येवल्याकडची कांदा-द्राक्षवाल्यांची पोरं. यांच्यासाठी या गावानं काय केलं, त्याचा इतिहास चांगला आहे. १९१४ साली इथं उदाजी मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि १९२० साली त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला शाहू महाराज आले. एचपीटी कॉलेज निघालं १९२४ मध्ये. क्रम लक्षात घ्या, आधी राहायची-जेवायची सोय आणि मग कॉलेज. १९८९ साली आलेल्या मुक्त विद्यापीठानं पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेनं दहावी-बारावी न झालेल्यांनाही दार उघडलं. खासगी विद्यापीठांनी हा धडा शहरातच गिरवायला हरकत नव्हती.

अडचण पैशाची आहे, हे मी नाकारत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. फार मोठा निर्णय. पण त्यात स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं वगळली आहेत. म्हणजे येवल्याची ओबीसी घरातली मुलगी शेजारच्या विनाअनुदानित कॉलेजात अभियांत्रिकीला गेली तर तिची फी माफ, आणि खासगी विद्यापीठाच्या फाटकातून आत गेली तर पूर्ण. ज्याला अशी मुलगी वर्गात हवी आहे, त्या विद्यापीठाला स्वतःच्या गल्ल्यात हात घालावा लागणार.

आणि गल्ला न उघडताही एक गोष्ट करता येते. प्रवेशाच्या खिडकीशी उभं राहून बघा. पहिला हप्ता जुलैत मागतात. त्या वेळी उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात असतो. भाव चढेल या आशेवर शेतकरी तो पावसाळाभर राखतो, सडका-मोडका निवडत बसतो. फीची तारीख आली की चाळ फोडायची, ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा आणि पडेल त्या भावाला माल देऊन यायचं. दुसरा हप्ता डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा द्राक्षबागेत औषधांचा खर्च चालू असतो आणि माल उतरायला अवकाश असतो. नाशिकमधल्या विद्यापीठानं पहिला मोठा हप्ता दिवाळीच्या आसपास आणि दुसरा मार्चअखेर ठेवला, दंड न लावता, तर त्याचं काय बिघडेल? बँकेचं व्याज थोडं बुडेल. पण एका मोठ्या पट्ट्यातल्या बापांची मान खाली जाणार नाही. हे मी दोन-तीन ठिकाणी बोलून बघितलं. ‘सॉफ्टवेअरमध्ये तसा ऑप्शन नाही,’ असं उत्तर मिळालं. संगणक अभियांत्रिकी शिकवणाऱ्या संस्थेत, बरं का!

पेठच्या मुलाचा प्रश्न वेगळा. गाव पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तास सुरू सकाळी नऊला आणि प्रॅक्टिकल संपतं साडेपाचला. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, पण सरकारी वसतिगृहात जागा मिळेपर्यंत निम्मं सत्र सरतं. तेवढे तीन महिने विद्यापीठाच्या हॉस्टेलात डिपॉझिटशिवाय खाट दिली तर मुलगा टिकतो. नाहीतर दिवाळीला गेलेला परत येत नाही, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे नुसत्या रेघा उरतात.

मघाशी समोरून एका बाईंनी विचारलं, ‘सर, मग मुलीला घालू की नको?’ घाला, पण आधी विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन विचारा, तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती होते आणि त्यातले शेवटच्या वर्षाला किती पोचले. आदिवासी मुलांचा आकडा वेगळा मागा, मुलींचा वेगळा मागा. परीक्षेचा निकाल नको, टिकून राहिलेल्यांचा आकडा मागा. दिला तर लगेच प्रवेश घ्या. ‘मॅडम, तसा डेटा आम्ही ठेवत नाही’ म्हणाले, तर पावती फाडायच्या आत बाहेर या आणि समोरच्या फाटकात हाच प्रश्न पुन्हा विचारा.