एग्ज की आयरेन?

[टेम्स नदी, सकाळ. धक्क्याला बांधलेली होडी हलते आहे.]

वारा पडला की शिडाच्या जहाजाने थांबायचं, दुसरा इलाज नसे. पंधराव्या शतकात टेम्समधून झीलंडला, म्हणजे आजच्या नेदरलँड्सकडे, निघालेले काही व्यापारी असेच केंटच्या किनाऱ्याशी अडकले. खायला काही मिळतंय का बघायला जमिनीवर उतरले. त्यांतला शेफील्ड नावाचा कापडाचा व्यापारी एका घरात गेला आणि तिथल्या बाईकडे त्याने अंडी मागितली. एग्ज.

बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही.

शेफील्ड चिडला. फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, तो इंग्रजीच बोलत होता. मग दुसरा कुणीतरी म्हणाला, याला 'आयरेन' हवे आहेत. तेव्हा कुठे बाईला उमगलं.

[बाजारातली अंड्यांची टोपली, जवळून.]

हा प्रसंग विल्यम कॅक्सटनने १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून ठेवला. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढणारा हा इंग्लंडचा पहिला मुद्रक. त्याचा प्रश्न रोजच्या कामातला होता. छपाईचे खिळे जुळवायला बसलं की एकच शब्द निवडावा लागतो. लिहायचं काय, एग्ज की आयरेन?

[छापील ओळीवरून सरकणारा कॅमेरा.]

या ओळीत एक क्रियापद आहे, तिथे जरा थांबू. शेफील्डने अंडी 'मागितली', यासाठी कॅक्सटनने 'आस्क' छापलेलं नाही. 'अ‍ॅक्स' छापलंय. इंग्रजीत ही दोन्ही रूपं हजार वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत आली आहेत. आज लंडनमधल्या कॅरिबियन घरातलं मूल 'अ‍ॅक्स' म्हणालं, की ते अशुद्ध ठरतं. इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने जे छापलं, तेच ते मूल बोलतंय.

[यॉर्क शहर. गल्लीबोळ, रस्त्यांच्या पाट्या. स्टोनगेट. कॉपरगेट.]

'आयरेन' हा अंड्यांसाठीचा जुना इंग्रजी शब्द. 'एग' आला उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतून. हे यॉर्क त्यांनी ८६६ मध्ये घेतलं. पाट्यांवरचं 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, त्यांच्या भाषेत गेट म्हणजे रस्ता. कॉपरगेट हा लाकडी पेले कातणाऱ्यांचा रस्ता. १९७० च्या दशकात इथे खोदकाम झालं, तेव्हा ते पेले सापडले, चामड्याचे जोडे सापडले, नाणी सापडली.

[कातलेला लाकडी पेला, हळूहळू फिरतो.]

लुटायला आलेले लोक इथेच शेती करू लागले, दुकानं मांडून बसले, सोयरिकी झाल्या. व्हायकिंग आणि इंग्रज, दोघांच्या भाषा तशा चुलत बहिणी. मूळ शब्द ओळखीचे, घोटाळा व्हायचा शेवटच्या प्रत्ययांत. पेल्याचा सौदा करताना प्रत्यय कोण सांभाळणार? जुन्या इंग्रजीची विभक्ती झिजली त्याला हा शेजारही कारणीभूत, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंही व्हायकिंगांचीच. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर कुणीही आणतं. पण 'ते', 'त्यांना', 'त्यांचं' हे शब्द शेजाऱ्याकडून आणायचे, तर दोन्ही घरांची चूलच एक झालेली असावी लागते.

[छपाईच्या खिळ्यांची पेटी. जुळाऱ्याची बोटं. एकेक खिळा जुळणीच्या पट्टीत बसतो.]

के. एन. आय. जी. एच. टी. नाइट, म्हणजे सरदार. सहा खिळे, आणि उच्चारात त्यांतले निम्मे मुके.

ते मुके नव्हते. चौदाव्या शतकात हा शब्द साधारण 'क्निख्ट' असा म्हणत. आधी क, मग न, आणि घशातून खरवडून काढलेला ख. सगळी अक्षरं कामाची होती. छापखान्याने हळूहळू स्पेलिंग पक्कं करत नेलं, आणि नेमक्या त्याच काळात जिभा दुसरीकडे निघाल्या होत्या. १४०० ते १७०० या तीनेकशे वर्षांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. 'हाउस'ला आधी 'हूस' म्हणत. 'टाइम'ला 'टीम'. आणि 'नेम' हा शब्द तेव्हा जवळजवळ 'नाम' असा ऐकू येई, आपल्या 'नाम'सारखा. त्याचं स्पेलिंग बघा: एन, ए, एम, ई. ते अजूनही 'नाम'च सांगतंय.

[लंडनच्या पुलावरची गर्दी.]

स्वर का हलले, यावर तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही. १३४८ च्या प्लेगनंतर माणसं ठिकठिकाणाहून लंडनला आली, हे मात्र खरं. एका गल्लीत चार बोली. कुणी वरच्या लोकांसारखं बोलायला बघे, आणि वरचे लोक त्यांच्यापासून वेगळं बोलायला बघत.

[एका शाळकरी वहीचं पान. त्यावर लाल शाई.]

स्पेलिंग थांबलं आणि उच्चार हलले, त्याचा भुर्दंड जगभरची मुलं स्पेलिंग घोकून भरतात, आणि छापील इंग्रजीपुढे खेडोपाड्यांतल्या कितीतरी बोली विरल्या.

[गॉफ स्क्वेअर, लंडन. जिना. पोटमाळा. खिडकीतून ऊन.]

या पोटमाळ्यावर सॅम्युएल जॉन्सनने सहा मदतनीस घेऊन शब्दकोश केला. तीन वर्षांत संपवतो म्हणाला होता, काम १७४६ ला सुरू झालं आणि कोश १७५५ ला निघाला. बेचाळीस हजारांवर शब्द. कोश झाला की भाषा जागच्या जागी थांबेल, अशी आशा सुरुवातीला त्यालाही होती. पण प्रस्तावनेत त्याने मोकळेपणाने लिहून टाकलं, की त्या आशेला ना बुद्धीचा आधार आहे ना अनुभवाचा. नऊ वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

[बांधावरून पळणारं मुंगूस.]

हा पाहुणा आपल्याकडचा. मराठी 'मुंगूस' पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत पोचलं आणि तिथे त्याचं 'मॉन्गूस' झालं. शेवटी 'गूस' ऐकू येतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी 'गूस' म्हणजे हंसाचं स्पेलिंगही त्याला चिकटवलं. एका 'गूस'चे अनेक होतात 'गीस', ही जुनी चाल. 'आयरेन'चीही एक जुनी चाल होती, शेवटी 'रेन' लावायची, जी आता 'चिल्ड्रेन'मध्ये तेवढी उरली आहे. मुंगसाला मात्र लोकांनी साधा 'स' लावला, शेफील्डच्या अंड्यांसारखा.

मॉन्गूसेस.

[मुंगूस थांबतं, मागे वळून बघतं, झुडपात शिरतं.]