पेटीच्या तीन चाब्या

नमस्कार श्रोतेहो. आज क्वांटम कॉम्प्युटरवर, म्हणजे अणूंच्या जगातले नियम वापरून गणितं सोडवणाऱ्या यंत्रावर बोलायचं आहे. थांबा, रेडिओ बंद करू नका. गोष्ट हिंगणघाटकडच्या एका ओट्यावरची आहे.

मागच्या हिवाळ्यात मामाकडे गेलो होतो. मामाचा नातू इंजिनिअरिंगला. तो सांगत होता, "आबाजी, क्वांटम आला की बँकेची सारी कुलपं मिनिटात खुलतीन!" मामा म्हणाले, "मंग माह्यं पीककर्ज बी पुसता येईन काय?" ओटा हसला. चहा आला. (दूधच दूध. त्याला मी चहा म्हणत नाही, पण असो.)

शेजारची काकू तुरीच्या शेंगा सोलत होती. बचत गटाची अध्यक्ष. ती म्हणाली, "बापू, आमच्या पेटीले तीन कुलपं हायेत. तीन बाया, तीन चाब्या. तिघी आल्याबिगर पेटी खुलत नाही. तुह्या मशीनीची चाबी कोनापाशी राहीन?"

पोरगा म्हणाला, "सरकारपाशी. कंपन्यांपाशी."

"अन् आमाले कोनं इचारलं?"

पोरगा चहात बघत बसला.

बँकेच्या कुलपाचं थोडक्यात सांगतो. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण उत्तरावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण. ऑनलाइन व्यवहारांची बरीच सुरक्षा यावरच उभी आहे. 1994 साली गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवलं, की क्वांटम कॉम्प्युटरला हे झटपट जमेल. पण आजची यंत्रं फार चुका करतात, त्यांना ते जमत नाही. पुन्हा सांगतो, आज जमत नाही. क्वांटमलाही उघडू नयेत अशी नवी कुलपंही तयार होत आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2024 च्या ऑगस्टमध्ये तीन जाहीर केली.

आपल्याकडे 2023 मध्ये सरकारची या कामासाठीची योजना, राष्ट्रीय क्वांटम मिशन, मंजूर झाली, 6,003 कोटींच्या वर. 2025 हे तर संयुक्त राष्ट्रांनी क्वांटमचं वर्षच ठरवलं होतं. भाषणं पुष्कळ झाली. कोणी म्हणे चमत्कार होणार, कोणी म्हणे सगळं बुडणार. आता बाजारात 'क्वांटम' म्हणून गळ्यातली लॉकेटंही विकतात. त्यापेक्षा पोराला वही घेऊन द्या. यंत्र काय करेल यावर सगळे बोलतात. चाबी कोणाकडे, हे मी त्या ओट्यावरच ऐकलं.

परवा पोराचा फोन आला. काकू अजून विचारते म्हणे. मी म्हटलं, "मग तू काय सांगतोस?"

"काही नाही. मी आता मागच्या दारानं घरात जातो."