‘बसला!’ म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रक दुरुस्तीचं काम जिथं चालतं तिथं एक शब्द हमखास कानावर पडतो. मेकॅनिक गाडीखाली आडवा झालेला असतो, नवा पार्ट जागेवर सरकवतो, बोल्ट भोकातून आरपार जातो आणि खालून आवाज येतो, “बसला!” वर उभ्या असलेल्या मालकाचा जीव भांड्यात पडतो. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकला आणि खरं सांगायचं तर स्वतःही कित्येकदा उच्चारला. आज बोलायचंय ते याच शब्दाबद्दल. बाजारातून आणलेला सस्पेन्शनचा, म्हणजे गाडीचं वजन झेलून दणके शमवणाऱ्या यंत्रणेचा भाग बसला, याचा अर्थ त्याची लांबी-रुंदी आणि भोकं जुळली, इतकाच. तो वजन पेलेल का, ब्रेक दाबल्यावर ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला आडवा दांडा, धरून ठेवेल का, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गृहस्थ गाडीच्या कंपन्यांची तळी उचलतोय. ट्रक बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः घडवत नाही. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, एका कारखान्यातून येतात, शॉक ॲब्सॉर्बर दुसऱ्या, रबरी बुश तिसऱ्या. यातले बरेच कारखाने तोच माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात बाजारातही विकतात. तोसुद्धा आफ्टरमार्केटच, म्हणजे कंपनीच्या खोक्याबाहेर बाजारात मिळणारा माल, आणि त्यात वावगं काही नाही. भीती आहे ती वेगळ्या मालाची. एक, जुन्या पार्टची मापं घेऊन हुबेहूब घडवलेला, पण धातू कुठला, त्यावर प्रक्रिया काय झाली याचा पत्ता नसलेला. दुसरा, नामांकित खोक्यातला नकली. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं: भंगारातून उचललेला, घासूनपुसून रंगवलेला, ‘नवा’.

पाट्यांपासून सुरुवात करू. लीफ स्प्रिंग बघायला किती साधी! वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. पण पट्टी आणि पाटा यांत जो फरक आहे तो भट्टीत होतो. स्प्रिंगचं पोलाद साधारण ८५० अंश सेल्सियस किंवा त्याहून थोडं जास्त तापवतात आणि झटकन थंड करतात. मराठीत आपण याला पाणी देणं म्हणतो. पाट्याला मात्र बहुतेक वेळा हे ‘पाणी’ तेलाचं असतं. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ताठा जरा उतरवतात. ही दुसरी पायरी घाईत उरकली तर पाटा एखाद्या खड्ड्यात काचेसारखा तुटतो. पहिली नीट झाली नाही तर तो मऊ राहतो, कमान उतरते आणि गाडी एका अंगाला झुकायला लागते. फळीवर ठेवलेले असताना दोन्ही सारखेच दिसतात. काळा रंग आणि वर चकचकीत स्टिकर.

याच्या पुढची गोष्ट तर आणखी लपलेली. पाटा एका दणक्यात क्वचितच तुटतो. तो थकतो. वर-खाली, वर-खाली, लाखो वेळा. एखाद्या दिवशी वरच्या अंगाला केसाएवढी चीर पडते, कारण वजन आल्यावर पाटा सरळ होऊ बघतो आणि त्याचं वरचं अंग ताणलं जातं. चांगला कारखाना त्या अंगावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतो. त्याने पृष्ठभाग आतल्या आत दाबलेला राहतो आणि चीर उघडायला सहजासहजी तयार होत नाही. याला शॉट पीनिंग म्हणतात. हा टप्पा गाळला तर पाट्याच्या दिसण्यात काही फरक पडत नाही, आयुष्यात मात्र खूप पडतो. रंगाखाली कोण बघणार!

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः मोजू शकता, ती म्हणजे जाडी. समजा मूळ पाटे १२ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि नवे आहेत ११ चे. एका मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं ना? पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर सगळा संच जवळपास २३ टक्के मऊ झालेला असतो. तेवढ्याच वजनाला धातूवर येणारा ताण सुमारे १९ टक्के वाढतो. आणि थकव्याचा हिशेब असा सरळ नाही. ताण थोडा वाढला की आयुष्य भराभर घटतं. म्हणून व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायची पट्टी, घेऊन दुकानात जायला लाजू नका. दुकानदार हसला तर हसू द्या.

याच्या उलटही होतं. ‘जास्त माल भरायचाय, एक पाटा वाढवून द्या.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची गणतीच नाही. पाटा वाढला की गाडी वजनाने खाली दबत नाही, उभी छान दिसते, आणि सगळ्यांना वाटतं ताकद वाढली. ताकद वाढली ती फक्त पाट्यांची. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर आणि चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तीच. आणि ब्रेक? इथं जरा थांबू, कारण ही गोष्ट गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

बऱ्याच ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की पाटे दबतात, चॅसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की वजन आलंय, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडायला हवा. आता पाटे ताठ केले तर तेवढ्याच वजनाला चॅसी कमी दबते. व्हॉल्व्ह समजतो गाडी अर्धी रिकामी आहे. मागचे ब्रेक हात आखडतात, आणि माल भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. सस्पेन्शनमध्ये बदल करणारा माणूस ब्रेकला हातही लावत नाही, तरी ब्रेक बिघडतात! हवेच्या सस्पेन्शनमध्येही हेच, फक्त रस्ता वेगळा. तिथं व्हॉल्व्ह हवेच्या फुग्यातला, म्हणजे बेलोतला दाब बघून वजनाचा अंदाज घेतो. मूळ बेलोपेक्षा जास्त व्यासाचा बेलो बसवला तर तेवढंच वजन तो कमी दाबाने उचलतो. पुन्हा तीच फसगत. म्हणून पाट्यांची संख्या, जात किंवा बेलोचा आकार बदलला असेल तर व्हॉल्व्हची जुळवणी तपासल्याशिवाय गाडी मालाला लावू नका.

आता माझ्या मते सगळ्यात घातक वस्तू. ती मोठी नाही, महागही नाही. यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलवर आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट, आणि त्याच्यासोबतचा, पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा सेंटर बोल्ट.

सेंटर बोल्ट ॲक्सलला जागेवर ठेवतो असा समज आहे. अर्धवट खरा आहे. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत बसतं आणि जागा दाखवतं. प्रत्यक्ष धरून ठेवतात ते यू-बोल्ट, आवळून. ते ढिले झाले की सगळा भार त्या बिचाऱ्या एका बोल्टवर येतो, त्याचा तुकडा पडतो आणि ॲक्सल सरकतो. शिवाय ढिल्या पकडीत पाटे मधोमध हलायला लागतात, आणि मधोमध असतं सेंटर बोल्टचं भोक, म्हणजे पाट्यातली सगळ्यात नाजूक जागा. पाटा बरोबर भोकावर तुटलेला दिसला तर पाट्याला शिव्या घालण्याआधी यू-बोल्ट बघा. आणि काही स्वस्त सेंटर बोल्टचं डोकं मूळ मापापेक्षा किंचित लहान असतं. खाचेत ते खुळखुळतं. ‘बसला’ तर ऐकू येतंच, उलट जरा जास्तच सहज बसतो.

बोल्टवर आकडे असतात, ८.८, १०.९ असे. पहिला आकडा सांगतो तुटण्याआधी तो किती ताण घेईल, ८ म्हणजे ८०० मेगापास्कल, १० म्हणजे १०००. दुसरा आकडा सांगतो त्यातल्या किती हिश्श्यापर्यंत तो कायमचा लांबत नाही. १०.९ च्या जागी ८.८ लावला आणि मूळ आकड्याइतकाच आवळला तर तो ताणून लांब होऊ शकतो. कमी आवळला तर पकड कमी. दोन्हीकडून नुकसान. ज्या यू-बोल्टवर किंवा नटवर कसलीच खूण नाही, तो घेऊच नका. इथं माझं मत पक्कं आहे, वाद घालायला जागा नाही.

आणि काढलेला यू-बोल्ट पुन्हा लावायचा नाही. एकदा ताणला गेलेला असतो, आटे किंचित बिघडलेले असतात. पान्ह्यावर लावलेल्या जोरातला साधारण १० टक्के भागच बोल्ट ताणायला कामी येतो, बाकीचा घर्षणात जातो. आटे खरबरीत असले की टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागल्याचं सांगणारा पाना, ‘टक्’ करतो, आपल्याला वाटतं आवळलं, आणि पकड मात्र निम्मीच असते. पाट्यांवर आणि प्लेटवर जाड रंगाचा थर असेल तर तोही काढायला लावा. रंग दाबाखाली हळूहळू पिचतो आणि तेवढी पकड सैल होते. म्हणजे दुकानात जो रंग आपल्याला भुलवतो तोच पुढे बोल्ट ढिले करतो.

हवेच्या सस्पेन्शनवाल्यांसाठी शॉक ॲब्सॉर्बरचा एक मुद्दा. शॉक ॲब्सॉर्बर फक्त उसळी शमवतो असं नाही. अनेक रचनांत ॲक्सल खाली लोंबकळायला लागला की त्याला अडवणारी दोरी म्हणजे हाच शॉक. तो थोडा लांब बसवला तर चाक खड्ड्यात उतरताना बेलो मर्यादेबाहेर ताणला जातो आणि पिस्टनपासून, म्हणजे त्याच्या खालच्या बैठकीपासून, सुटतो. त्यामुळे शॉक घेताना नुसती दोन्ही टोकांची भोकं जुळवू नका. पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची लांबी मूळ आकड्यांशी ताडून बघा.

गाडी उंच करण्याच्या किटबद्दल फार बोलत नाही. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर उलटण्याचा धोका वाढतो, स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, प्रोपेलर शाफ्टही थरथरतो. मालवाहू ट्रकला त्याची गरज काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मग घ्यायचं कसं? गाडीचं मॉडेल सांगून पार्ट मागू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या क्षमतेचे ॲक्सल असतात, सस्पेन्शनही निराळं असतं. चॅसी नंबरवरून मूळ पार्ट नंबर काढा आणि तो घेऊन जा. ‘सगळ्या मॉडेलला चालतो’ असं ऐकलं की सावध व्हा. ‘हेवी ड्युटी’ या शब्दांना तर कसलंच ठरलेलं माप नाही, छापणाऱ्याच्या मनावर आहे. खोक्यावर आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ लिहिलेलं असेल तर ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. हातातल्या त्या पाट्याची परीक्षा कुणी घेतली, असा त्याचा अर्थ होत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून जे पान उघडतं ते खरंच त्या कंपनीचं आहे का, हेही बघा; नकली खोक्यावर नकली कोड छापणं काही अवघड काम नाही. त्यापेक्षा धातूवरच ठोकलेली खूण, बॅच नंबर, पार्ट नंबर यांवर माझा जास्त भरवसा. स्टिकर निघतो, ठोकलेली खूण सहसा निघत नाही. ती घासलेली दिसली, तर का घासली असेल ते तुम्हीच ओळखा.

जुना पार्ट सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापं घ्या. सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकांचं अंतर वेगवेगळं मोजा. पुष्कळ पाट्यांचे पुढचा आणि मागचा हे दोन भाग सारखे नसतात. एका बाजूचा संच उलटा बसला तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते, टायर खाते. रंगाखाली गंजाचे खड्डे, वेल्डिंगचा डाग, बुशच्या भोकात झिजेची चमक दिसली तर माल परत करा. वेल्डिंगचा डाग विशेषतः. पाट्यावर वेल्डिंग केलं की भट्टीत केलेली सगळी मेहनत त्या जागी वाया जाते. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. आणि बदलाल तर ॲक्सलच्या दोन्ही बाजू एकदम बदला, एक बाजू ताठ आणि दुसरी थकलेली असं नको.

बसवून झाल्यावर यू-बोल्टची शेवटची आवळणी गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत. पहिली काही शे किलोमीटर धावली की पुन्हा टॉर्क रेंच लावा. नेमकं किती किलोमीटरनंतर, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

राहिला काढलेला जुना माल. तो आहे तसा भंगारात देऊ नका. यू-बोल्ट कटरने मधोमध कापा. बेलोतली हवा पूर्ण सोडून मग त्याला सुरी मारा. शॉक ॲब्सॉर्बर मात्र कापू नका, आत दाबाखाली वायू असू शकतो. त्याच्या टोकांची भोकं किंवा आटे हातोडीने ठेचून टाका, म्हणजे रंग लावून तो पुन्हा फळीवर चढणार नाही. नमस्कार.