एक ‘लहान’, पाच रूपं

[स्टॉकहोम : दोन बेटं, मधला पूल]
हे स्तूरा एसिंगेन. पुलापलीकडे दिसतंय ते लिल्ला एसिंगेन. आपल्याकडे गावाच्या नावामागे बुद्रुक-खुर्द लागतं, स्वीडनमध्ये ते नावाआधी येतं. स्तूरा थोरलं, लिल्ला धाकटं.

[लिलेहामर : बर्फावरची उडी]
नॉर्वेतलं लिलेहामर १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे जगाला माहीत झालं. म्यॉसा सरोवराच्या काठी, इथून दक्षिणेला, जुनं हामर आहे. म्हणून हे धाकटं हामर.

[शाळेचा फळा]
या सगळ्याच्या मुळाशी एकच विशेषण, लीतेन, म्हणजे लहान. नॉर्वेजियनमध्ये ते नामाचं लिंग पाहून बदलतं, अगदी आपल्या छोटा-छोटी-छोटंसारखं. मुलगा असेल तर लीतेन गुत्त. मुलगी असेल तर लीता येन्ते. घर असेल तर लीते हूस. घरं अनेक झाली की मात्र शब्दच पालटतो : स्मो हूस. लीतेनशी त्याचं काही नातं नाही, तो वेगळ्याच मुळातून आलाय. आणि ‘ते लहान घर’ असं नेमकं बोट दाखवायचं असेल, तर लिल्ले. स्वीडिशमध्येही रूपं पाचच, पण तिथे मुलगा-मुलगी दोघांना लीतेन, घराला लीतेत. नेमकं बोट दाखवताना लिल्ला. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिल्लेही.

[स्मोलांड : जंगल, लाल लाकडी घरं]
दक्षिण स्वीडनचा हा प्रांत. एकेकाळी इथे एक देश नव्हता, अनेक छोटे मुलूख होते. ते अनेकवचन प्रांताच्या नावात अजून जिवंत आहे. १९४३ मध्ये आयकिया ही फर्निचर कंपनी इथेच सुरू झाली. तिच्या दुकानांतल्या मुलांच्या खेळघरालाही स्मोलांडच म्हणतात.

[बर्गन : ब्रिग्गेनची लाकडी घरं]
नॉर्वेतलं हे बंदर. चौदाव्या शतकात हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी ब्रिग्गेनच्या धक्क्यावर ठाण मांडलं. त्यांची बोली आणि गावची बोली शतकानुशतकं एकमेकींना घासत राहिल्या. बर्गनच्या बोलीतून स्त्रीलिंग गेलं, त्याचं कारण अनेक अभ्यासक या सहवासात शोधतात. इथे मुलगीही लीतेनच.

ऑस्लोतही लीता कमी ऐकू येतं. बूकमोल या लेखी नॉर्वेजियनमध्ये मुलीसाठी लीता आणि लीतेन दोन्ही रूपं चालतात, म्हणून परक्यांना शिकवताना बरेचदा सोपं लीतेन तेवढंच शिकवलं जातं. लीतासुद्धा पहिल्याच धड्यात शिकवायला हवं. नीनोर्स्क या दुसऱ्या लेखी नॉर्वेजियनमध्ये तर मुलीसाठी लीताच लिहावं लागतं.