हे गाणे कोणाला ऐकवायचे?

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. भिंतीला टेकवून ठेवलेले रंग न दिलेले भोपळे, समोर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवणारे हात.)

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला किंमत सांगण्याआधी कारागीर एक प्रश्न विचारतो : गाणार कोण आहे? काळी एक-दोनमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखला जाणारा गाण्याचा सूर) गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तंबोरा यांच्या भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी वेगवेगळी असते, त्यामुळे हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. भीमेच्या काठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाच्या लाकडाची दांडी आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली हे सगळे जुळून तारा चढल्या, तरी वाद्य अजून मुकेच असते. मग जवारीचे, म्हणजे तारेचा नाद खुलवण्याचे, काम सुरू होते. घोडीच्या माथ्याला कानशीने, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच उतार दिला जातो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवला जातो, आणि तो धागा केसभर पुढे-मागे करत असताना एका क्षणी त्या एका तारेतून अनेक स्वरांची झालर उठते. कोणाला जवारी खुली लागते, कोणाला गोल. त्यासाठीही गाणाऱ्याचा गळा ठाऊक असावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची कामे करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून ही कारागिरी येथे रुजली आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि हा माहितीपट वाद्यांविषयी नाही. तो ऐकणाऱ्यांविषयी आहे. वेगवेगळ्या काळातले, एकमेकांशी वरवर काहीही नाते नसलेले संगीत सांगली-मिरजेतल्या माणसांपर्यंत कसे पोहोचत आले, आणि आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्याला ऐकवताना ही माणसे कारागिराचा तो पहिला प्रश्न विचारतात की नाही, एवढाच त्याचा विषय आहे.

(दृश्य : ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचे आवार.)

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 साली उत्तरेत कैराना येथे झाला. पण त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे मिरजेशी बांधली गेली. 27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि दफनासाठी त्यांना मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आणण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी होणाऱ्या संगीत सभेत देशभरातले कलावंत हजेरी लावून जातात. या सभेत तिकीट नसते. नवस फेडायला आलेली बाई, उरुसातली मिठाई खाऊन लेकराला मांडीवर घेऊन बसलेला बाप आणि सुरांची नोंद ठेवणारा जाणकार एकाच सतरंजीवर बसतात. पुढे कोण गाणार हे त्यांतल्या अनेकांना माहीत नसते, आणि माहीत करून घेण्याची घाईही नसते.

खाँसाहेबांचा आवाज मात्र या आवाराबाहेर गेला तो तबकड्यांमधून. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, आणि ज्या रागाच्या बढतीला, म्हणजे विस्ताराला, मैफिलीत तास पुरत नसे तो राग त्या मर्यादेत मांडावा लागे. काही जाणकार या तबकड्यांकडे कापलेले, अर्धे गाणे म्हणून पाहतात. आम्हांला ते मान्य नाही. ज्याने आयुष्यात शास्त्रीय गाणे ऐकलेले नाही त्याच्या हाती दोन तासांच्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण देणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला भर पावसाळ्यात कृष्णेत उतरवणे आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत तोच गवैया आपले सर्वांत चोख तेवढेच ठेवतो. गदगला लहानपणी एका दुकानात लागलेली खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून भीमसेन जोशी नावाच्या मुलाला असे गाता यावे याचा ध्यास लागला आणि गुरूच्या शोधात तो घरातून निघून गेला, हे सर्वश्रुत आहे. दुकानदाराने ती तबकडी त्या मुलासाठी लावली नव्हती, हे खरे. पण ती तीन मिनिटांची नसती, तर दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पोराला ती आरंभापासून शेवटापर्यंत ऐकायला मिळाली असती का?

(दृश्य : जुन्या तबकडीच्या मध्यभागाची कागदी चकती, हळूहळू फिरताना.)

तबकडीचा आणखी एक गुण आज दुर्मीळ झाला आहे. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून काही वर्षे गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत असत, कारण तबकडी तयार होणार ती जर्मनीत हॅनोव्हर येथे, आणि तिथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. सोय कारखान्याची होती. लाभ ऐकणाऱ्याचा झाला. गाणे आणि गाणाऱ्याचे नाव यांची ताटातूट होऊच शकत नव्हती. आज भ्रमणध्वनीवर रोज सकाळी येऊन पडणाऱ्या गाण्यांपैकी किती गाण्यांना गायकाचे नाव असते, संगीतकाराचे असते, आणि तबलजीचे तर असतेच कुठे?

(दृश्य : सांगली. नाट्यगृहाचा रिकामा रंगमंच.)

1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजवाड्यात पौराणिक नाटकाचा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ येथून मोजला जाऊ लागला. पुढे याच जिल्ह्यातील नागठाणे येथे 1888 साली जन्मलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या काळात नाट्यसंगीताने जे केले ते कोणत्याही संगीत विद्यालयाला जमले नसते. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी दिग्गज गवयांच्या बैठकीतल्या बंदिशींवरून, ठुमरी-दादऱ्यावरून पदांच्या चाली बांधल्या, आणि ज्यांना गवयाच्या बैठकीचे आमंत्रण कधीच मिळाले नसते अशा प्रेक्षकांच्या ओठांवर यमन, भीमपलास आणि भैरवी बसल्या. रागाचे नाव न कळता राग ओळखीचा झाला. प्रेक्षागृहात कोण बसले आहे याचे भान असल्याशिवाय अशी चाल बांधता येत नाही. मूळ बंदिशीतला कोणता अलंकार ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे तेच भान ठरवते.

दुसरीकडे याच मातीतले एक अंग सभ्य घरांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले होते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात यांचा रोष पत्करून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्याच तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी शाहिरीला गिरणगावाच्या लढ्यात उभे केले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी लोकगीतांना मुंबईच्या रंगमंचावर मानाची जागा मिळवून दिली. नाट्यपद दिवाणखान्यात आणि लावणी फडात, ही वाटणी अनेक घरांत कित्येक वर्षे निमूटपणे पाळली गेली. ती मोडली, असे आमचे निरीक्षण आहे, ती कोणा समीक्षकाच्या लेखाने नव्हे, तर कॅसेटने.

त्याआधी रेडिओ. 1950च्या दशकात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपट संगीत जवळजवळ हद्दपार झाले, श्रोते रेडिओ सिलोनकडे आणि अमीन सायानींच्या आवाजाकडे वळले, आणि अखेर 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. 1940पासून 1971पर्यंत आकाशवाणीवर पेटीलाही बंदी होती, ज्या पेटीवर इथल्या प्रत्येक गाणाऱ्याने सरगम गिरवली तिलाच. श्रोत्याला काय आवडावे हे परस्पर ठरवले की श्रोता काटा फिरवतो. 1963 साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाल्यावर मात्र शेतीच्या कार्यक्रमाची वाट पाहणाऱ्या घरांत, त्याच खोक्यातून, अभंग, भावगीत आणि शास्त्रीय गाणेही न मागता येऊ लागले.

(दृश्य : एका जुन्या कॅसेटवरील हाताने लिहिलेली यादी, निळ्या शाईत.)

कॅसेटच्या काळातले ‘भरून घेणे’ आजच्या पंचविशीतल्या मुलांना समजावून सांगावे लागते. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून दुकानात देई, दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून दोन दिवसांनी परत करी. हा व्यवहार कायद्यात बसणारा नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. पण त्यातली खरी गंमत शेवटच्या मिनिटांत होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. यादीतली सहा-सात गाणी भरली की बहुधा तीन-चार मिनिटे उरत आणि पुढचे गाणे मध्येच तुटण्याची भीती असे. सांगलीतल्या एका श्रोत्याने आम्हांला सांगितले की त्यांचा दुकानदार ती जागा कोरी सोडत नसे. यादी वाचून तो गिऱ्हाईक ओळखी आणि उरलेल्या फितीत स्वतःच्या पसंतीचे एक गाणे भरून देई. भावगीतांच्या यादीखाली कधी लावणी निघे, मुकेशच्या यादीखाली बेगम अख्तर. वडिलांच्या देखत ती लावणी लागली तेव्हा घरात काय झाले, हे सांगताना ते आजही हसतात. पुढच्या यादीत वडिलांनी स्वतःच्या हाताने दोन लावण्या लिहिल्या होत्या.

(दृश्य : सांगली, विश्रामबाग. एका घराचे पुढचे दालन, सात-आठ माणसे, मध्ये ग्रामोफोन, स्पीकर आणि एक भ्रमणध्वनी.)

विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी महिन्यातून एकदा काही मंडळी ऐकायला जमतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, द्राक्ष बागाईतदार आहे, वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मुलगी आहे. नियम थोडे आहेत. पाळी ज्याची असेल त्याने एकच गाणे आणायचे, आणि ते जमलेल्यांपैकी एका ठरावीक माणसासाठी निवडून आणायचे. गाणे वाजताना कोणी बोलायचे नाही, दाद द्यायची असेल तर मानेने. माहिती गाणे संपल्यावर सांगायची. हा शेवटचा नियम वादग्रस्त आहे. गुरुजींचे म्हणणे असे की आधी मोठे नाव सांगितले की माणूस नावच ऐकत बसतो. बँकेतल्या काकांचे म्हणणे असे की नवख्याला एखादी खूण आधी दिली नाही तर तो वाट चुकतो. आमचे मत काकांच्या बाजूला झुकते, पण या घरात चालते ते गुरुजींचे.

चित्रीकरणाच्या दिवशी पाळी त्या मुलीची होती, आणि तिने गाणे निवडले होते गुरुजींसाठी. वाजू लागले ते गाणे म्हणावे असे काही नव्हतेच : एक दीर्घ, न थांबणारा स्वर, त्यावर कळेल न कळेल अशा गतीने उमटत जाणारे दुसरे स्वर. बागाईतदाराने दोनदा घड्याळ पाहिले. गुरुजींनी डोळे मिटले आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्यांच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर तंबोरा छेडल्यासारखी हलू लागली. संपल्यावर त्यांनी विचारले, “हा षड्ज-पंचम कुणी लावलाय गं?”

ते अमेरिकन संगीत होते, आणि गुरुजींचा कान बरोबर होता. अब्दुल करीम खाँ यांचे आप्त अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970च्या दशकात न्यूयॉर्कला स्थायिक झाले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकेतले प्रयोगशील संगीतकार रीतसर त्यांचे शिष्य झाले, आणि तंबोऱ्याचा अखंड स्वर अमेरिकेतल्या नव्या संगीताच्या एका प्रवाहात मुरला. मुलीने हे सगळे तिला ठाऊक होते तेवढे सांगितले. त्यावर गुरुजींनी उठून कपाट उघडले, खाँसाहेबांची तबकडी काढली आणि त्या दिवसापुरता एका गाण्याचा नियम स्वतःच मोडला.

तबकडी वाजून झाल्यावर त्यांनी जी कथा सांगितली ती सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांची आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मोजमापे करण्यासाठी खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली, आणि साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी त्या कामात देवलांचे भागीदार झाले. त्यांनी श्रुतींची पेटीही बनवून घेतली. ती पेटी चालली नाही. गवयांनी तिच्यावर शंका घेतल्या आणि वादकांना ती अवघड गेली. तरी महसूल खात्यातला एक मराठी माणूस, न्यायखात्यातला एक इंग्रज आणि कैरान्याहून आलेला एक गवई स्वराच्या सूक्ष्म जागा शोधत एकत्र बसले होते, ही गोष्ट त्या मुलीने पहिल्यांदाच ऐकली. तिने देवलांचे नाव लिहून घेतले.

बागाईतदाराला मात्र ते अमेरिकन संगीत आवडले नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. पुढची पाळी त्याची आहे. गाणे कोणते हे त्याने अर्थातच सांगितलेले नाही. पण ते त्या मुलीसाठी आहे, कन्नड आहे, जतच्या बाजूला द्राक्षांची गाडी भरताना चालकाच्या केबिनमध्ये त्याने ऐकले आहे, आणि गायकाचे नाव शोधायला त्याला अजून तीन आठवडे आहेत.