चुकांची वही

पडद्यावर दिसणारी ही निळ्या पुठ्ठ्याची वही स्पॅनिश शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची आहे. तीन वर्षे तिने या वहीत केवळ स्वतःच्या चुका लिहिल्या : डावीकडे चुकलेले वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेले, आणि खाली, सुचेल तेव्हा, चूक का झाली याची एखादी ओळ. भाषा शिकणाऱ्याची प्रगती साधारणपणे परीक्षांनी मोजतात. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या संस्थेच्या ‘देले’ या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेला ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. परंतु या विद्यार्थिनीत नेमके काय बदलले ते आम्हाला तिच्या प्रमाणपत्रापेक्षा या वहीत अधिक स्पष्ट दिसले, कारण वर्षागणिक तिच्या चुकांची जातच बदलत गेली आहे.

पहिली वीस-एक पाने लिंगाच्या चुकांनी भरली आहेत. मराठीत नामांना तीन लिंगे आणि स्पॅनिशमध्ये दोनच, तेव्हा हे काम सोपे जाईल, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात आपल्याकडचा ‘तो’ चंद्र तिकडे ‘ला लूना’, म्हणजे स्त्रीलिंगी झाला, ‘तो’ हात ‘ला मानो’ झाला, ‘ते’ दूध ‘ला लेचे’ झाले, आणि शेवटी ‘आ’ असूनही नकाशा, ‘एल मापा’, पुल्लिंगीच राहिला. उच्चारांनी तिला फारसे छळले नाही; स्पॅनिशमधले त आणि द दातांना जीभ लावूनच उच्चारले जातात, आणि ‘ञ’ तर वर्णमालेत लहानपणापासून पाठ होता. फक्त जीभ थरथरवून काढायचा ‘र्र’ साधायला अनेक महिने लागले, आणि तोवर ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ व ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’ हे दोन शब्द तिच्या तोंडी एकच होते.

आता हे पान पाहा. डावीकडे ‘यो गूस्तो लोस लीब्रोस’ असे लिहिले आहे. तिचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतून होते, म्हणून ‘मला पुस्तके आवडतात’ हे तिने आधी मनातल्या मनात इंग्रजीत नेले आणि मग तिथून स्पॅनिशमध्ये आणले. उजवीकडचे वाक्य आहे : ‘मे गूस्तान लोस लीब्रोस’. ‘मे’ म्हणजे मला, ‘गूस्तान’ म्हणजे आवडतात, आणि हे क्रियापद पुस्तकांच्या वचनाप्रमाणे चालते. ज्याला आवडते तो कर्ता न राहता ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीतून येणाऱ्यांना ही रचना उलटी वाटते आणि तिच्यावर पानेच्या पाने खर्च करावी लागतात. मराठी माणसाला मात्र ती जन्मापासून येते. पानाच्या तळाशी तिने पेन दाबून लिहिले आहे : ‘हे तर आपलेच वाक्य आहे!’

आमच्या मते तिच्या शिकण्याला खरे वळण इथे लागले. यापूर्वी स्पॅनिश बोलताना मराठी बाजूला ठेवावी लागते, अशी तिची धारणा होती. या पानानंतर ती मराठीला विचारू लागली. पुढे ‘से मे कायो एल वासो’ हे वाक्य आले, तेव्हा त्यातल्या दोन सर्वनामांनी ती गोंधळली नाही. पेला खाली पडला आहे, तो पाडायचा हेतू नव्हता, पण ज्याच्या हातून ते झाले त्याचाही उल्लेख करायचा आहे. हा सारा अर्थ मराठी ‘माझ्या हातून पेला पडला’ एवढ्यातच सांगते.

‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे, ‘सेर’ आणि ‘एस्तार’, हा स्पॅनिशमधला नावाजलेला अवघड भाग आहे. कायमच्या गोष्टीला सेर आणि तात्पुरतीला एस्तार, हा नियम तिने पाठ केला होता. तरीही आपल्याला कंटाळा आला आहे हे सांगताना ती ‘सोय आबुर्रीदा’ म्हणाली, आणि त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणी आहे’ असा झाला. तिथे ‘एस्तोय’ हवे होते. त्याहून मोठा धक्का नंतर बसला. मेलेल्या माणसाविषयी ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे एस्तार वापरतात, आणि मृत्यूइतके कायमचे दुसरे काय असते? उत्तर तिला शब्दाच्या मुळाशी मिळाले. एस्तार हे क्रियापद उभे राहणे या अर्थाच्या लॅटिन ‘स्तारे’पासून आले आहे, आणि ‘स्तारे’ व संस्कृत ‘स्था’ हे धातू एकाच कुळातले आहेत. एस्तार स्थिती सांगते, मग ती किती काळ टिकणार हा प्रश्न गौण ठरतो. पाठ केलेला नियम तिने खोडला आणि समासात एकच शब्द लिहिला : ‘स्थिती’.

दुसऱ्या वर्षाची पाने इच्छा, शंका आणि आशा व्यक्त करणाऱ्या क्रियारूपांवर थबकली आहेत. ‘क्येरो के बेंगास’ याचा अर्थ ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’. यावेस, पडावा, मिळावे ही आपली रूपे जे काम करतात, त्यातले बरेचसे ‘बेंगास’सारखी रूपे करतात. मात्र ‘तू येशील तेव्हा’ असे सांगतानाही स्पॅनिश हेच रूप मागते, आणि तिथे मराठीची सोबत संपते. या एका ठिकाणी ती आजही अडखळते.

याच पानांवर ‘ओखाला युएबा’, म्हणजे ‘पाऊस पडावा’, हे वाक्य आहे आणि त्यातल्या पहिल्या शब्दाने तिला इतिहासाकडे नेले. ‘ओखाला’ हा आशेचा उद्गार ईश्वरेच्छेचा उल्लेख करणाऱ्या अरबी शब्दप्रयोगातून आला आहे. इसवी सन ७११ मध्ये इबेरियन द्वीपकल्पावर, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर, मुस्लीम सत्तेचा आरंभ झाला आणि तिचे अखेरचे राज्य असलेले ग्रानादा १४९२ मध्ये पडले. जवळजवळ आठ शतकांच्या या सहवासाने स्पॅनिशला रोजच्या वापरातले असंख्य शब्द दिले. साखरेला ‘आसूकार’ म्हणतात आणि संत्र्याला ‘नारांखा’. हे शब्द अरबीत फारसीतून गेले, आणि त्यांची मुळे ‘शर्करा’ व ‘नारंग’ यांच्याशी जाऊन मिळतात. परक्या भाषेच्या शब्दसूचीत तिला आपली साखर भेटली, तो दिवस तिने तारखेसह नोंदवला आहे.

त्याच १४९२ मध्ये, ऑगस्ट महिन्यात, सालामान्का येथे आन्तोनियो दे नेब्रिखा यांचे कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचे व्याकरण छापले गेले आणि ऑक्टोबरमध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला. भाषा सत्तेबरोबर समुद्रापार गेली, आणि तिथल्या किती भाषांना तिने मागे रेटले, हे जाणल्याशिवाय स्पॅनिश संस्कृतीचा अभ्यास पुरा होत नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते. तरीही त्या सगळ्याच भाषा नाहीशा झाल्या नाहीत. पाराग्वायमध्ये आज स्पॅनिशबरोबर ग्वारानी ही राजभाषा आहे. खुद्द स्पेनमध्येही कातालान, गालिसियन आणि बास्क या भाषांना आपापल्या प्रदेशात अधिकृत दर्जा आहे.

तिसऱ्या वर्षी व्याकरणाच्या चुका विरळ होतात आणि माणसे ओळखण्यातल्या चुका सुरू होतात. एका निबंधात तिने कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना नुसते ‘मार्केस’ म्हटले होते. स्पॅनिश नावात रूढीनुसार वडिलांकडचे आडनाव आधी आणि आईकडचे नंतर येते. त्यामुळे ते ‘गार्सिया मार्केस’ असतात आणि सूचीत ‘ग’ या अक्षराखाली सापडतात. दुसऱ्या पानावर संभाषणाच्या सरावात भेटलेल्या एका कोलंबियन मुलीची हकिकत आहे. ओळख वाढली तरी ती ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणत राहिली, म्हणून आपली विद्यार्थिनी दुखावली. पुस्तकात ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ एवढेच दिले होते. कोलंबियाच्या बोगोतासारख्या भागांत घरातली माणसे आणि जवळच्या मैत्रिणीही एकमेकींना उस्तेद म्हणतात, हे त्यात नव्हते. तिने खाली लिहिले आहे : ‘ती दूर गेली नव्हती. मीच तिला पुस्तकातून ऐकत होते.’

यानंतर ती प्रत्येक शब्दापुढे त्याचे गाव लिहू लागली. बसला स्पेनमध्ये ‘आउतोबूस’, मेक्सिकोत ‘कामियोन’, कॅनरी बेटांवर आणि क्यूबात ‘ग्वाग्वा’, तर ब्वेनोस आइरेसमध्ये ‘कोलेक्तीवो’ म्हणतात. ‘कामियोन’ हाच शब्द स्पेनमध्ये ट्रकसाठी आहे. वीस देशांत चालणारी आणि जगभरात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा कोणा एका राजधानीच्या मालकीची नाही, हे तिला या बसच्या यादीने शिकवले.

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी तिने वही पहिल्या पानापासून चाळली. पहिल्या वर्षाच्या एका पानावर, एका मुलाखतीतून ऐकून उतरवलेले ‘बोस तेनेस’, म्हणजे ‘तुझ्याकडे आहे’, हे दोन शब्द तिने स्वतःच लाल शाईने खोडले होते आणि त्यांच्या जागी ‘तू त्येनेस’ असे लिहिले होते. त्या पानावर ती बराच वेळ थांबली. मग तिने ते खोडलेले शब्द समासात पुन्हा सुवाच्य अक्षरांत लिहिले, आणि त्यांच्यापुढे लिहिले : ‘आर्जेन्टिना. बरोबर आहे.’