बर्डीवरून महालात: एका दिवसाची लढाईची सहल

नमस्कार राजेहो! पाहुणे आले की आपण नागपूरकर काय करतो, फुटाळा दाखवतो, दीक्षाभूमीला नेतो, रात्री सावजी, झालं. आणि पोरांना इतिहास दाखवायचा म्हटलं की लगेच रायगड नाहीतर राजस्थानचं बुकिंग. आज मी तुम्हाला अशी एक फॅमिली ट्रिप सांगतो जिच्यात जुनं शहरही आहे आणि लढाईचं मैदानही, आणि खर्च म्हणाल तर मेट्रोचं तिकीट, थोडा ऑटो आणि तर्री पोहे.

मैदान म्हणजे आपली बर्डी, सीताबर्डी. हो हो, तीच, जिथं आपण चपलांसाठी घासाघीस करतो.

इथं १८१७ मध्ये नागपूरकर भोसले आणि इंग्रज लढले. आता एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका, की ही लढाई सीताबर्डीच्या किल्ल्यावर झाली. किल्ला तेव्हा नव्हताच बाप्पा! होत्या फक्त दोन उघड्या टेकड्या, एक मोठी, एक छोटी, आणि जवळच इंग्रजांची रेसिडेन्सी, तिथं जेन्किन्स नावाचा रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी. किल्ला इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधला. आमचा पुतण्या हे ऐकून म्हणाला, मग काका, लढले कशासाठी? बरोबर प्रश्न आहे पोराचा.

तर झालं असं की नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ साली इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि मग मन बदललं. तिकडे ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची आणि इंग्रजांची खडकीला जुंपली, आणि इकडे २४ तारखेला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारली, म्हणजे मी कोणाच्या बाजूनं आहे हे सांगूनच टाकलं. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर. इंग्रजांकडे जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं, भोसल्यांची फौज कितीतरी पट मोठी. छोट्या टेकडीच्या पायथ्याशी घरं होती, त्यांच्या आडून भोसल्यांच्या फौजेतले अरब गोळ्या झाडत होते, आणि २७ च्या सकाळी त्यांनी ती टेकडी घेतलीच, वर सापडलेली तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर डागायला सुरुवात केली. इथं लढाई जवळजवळ आपली झाली होती! पण खाली मैदानात कॅप्टन फिट्झगेराल्डनं थोडेसे घोडेस्वार घेऊन भोसल्यांच्या घोडदळावर चाल केली, वर दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला आणि छोटी टेकडी हातची गेली. दुपारपर्यंत खेळ खलास.

हे सगळं पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, तिथं उभं राहून वर पाहिलं की दोन मिनिटांत कळतं, कारण उंची जास्त नाही आणि अंतरं तर अगदीच कमी. म्हणून गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच जीव जाईल, सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर उतरा, टेकडीच्या कडेकडेनं चालत झिरो माईलच्या खांबाकडे या, तिथले ते चार घोडे पोरांना आवडतातच. वाटेत टेकडी गणपतीचं दर्शन घ्या, आईला सोबत नेलं असेल तर ते चुकवून चालणारच नाही.

किल्ला आत्ता लष्कराकडे आहे, सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा तीनच दिवस उघडतो, ओळखपत्र खिशात ठेवा. माझं ऐकाल तर २६ जानेवारीच पकडा. १ मेला नागपूरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना टेकडी चढवणं म्हणजे छळ आहे. आत १८५७ साली फाशी दिलेल्या नवाब कादर अली आणि साथीदारांच्या कबरी आहेत, तिथं जरूर थांबा. १९११-१२ च्या भारत दौऱ्यात इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथूनच लोकांना दर्शन देऊन गेला, त्याच्या खुणेपाशी फोटो काढायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्या वहिनीनं नाही काढला.

मग ऑटोनं महालात, म्हणजे जुन्या शहरात. कारण लढाई बर्डीवर संपली नाही ना! १६ डिसेंबरला सक्करदऱ्याकडे पुन्हा लढाई झाली, अप्पासाहेब तर स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले होते, पण शहरातले अरब हटेचनात. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला आणि सपशेल आपटले. हा जुम्मा दरवाजा म्हणजे शुक्रवारी तलावाजवळचा आपला गांधी गेट, ज्याच्याखालून आपण हॉर्न वाजवत जातो! शेवटी सुरक्षित जाऊ द्यायच्या बोलीवर अरब ३० तारखेला बाहेर पडले. म्हणजे राजा गेला तरी भाड्याचे शिपाई लढत राहिले, मला तर या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

तिथून महालातल्या गल्ल्या, भोसल्यांचा वाडा, वेळ उरला तर इतवारी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जी काळी मारबत निघते ना, तो काळा पुतळा, तीही लोक याच काळाशी जोडतात, इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या राणीवरचा, बाकाबाईवरचा राग म्हणून.

आणि अप्पासाहेबांचं पुढं काय झालं हे पोरं विचारतीलच. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पकडून अलाहाबादकडे नेताना ते वाटेत निसटले आणि महादेवाच्या डोंगरात जाऊन लपले. तोच डोंगर, जिथं आपण नागद्वारला जातो, पचमढीचा. म्हणजे पुढच्या सुट्टीचा प्लॅनही ठरला, फक्त गाडीचं रिझर्व्हेशन आत्ताच करून ठेवा.